सहा शर्ट

मालतीबाईंनी शर्ट झटकला आणि त्याचे थेंब गॅलरीतून आत टेबलापर्यंत आले. सरोजिनीने हात आडवा धरला, तरी दोन थेंब कार्डावर पडलेच. नुकत्याच लिहिलेल्या ओळीतलं शेवटचं अक्षर फुगलं आणि निळी शाई पसरली. तिने टीपकागद दाबला, कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं आणि बाजूला ठेवून दुसरं कोरं कार्ड ओढलं.

"भिजला काय गो?" गॅलरीतून मालतीबाईंनी विचारलं.

"एकच कार्ड होतं, आई. राहू दे."

शर्ट फिकट पिवळा होता, बारीक रेघांचा. मालतीबाईंनी त्याच्या बाह्या ताणल्या, कॉलर सरळ केली, दोन चिमटे लावले आणि दोन पावलं मागे येऊन तो नीट दिसतो की नाही ते पाहिलं. दर रविवारी त्या असंच पाहायच्या.

सरोजिनीच्या नवऱ्याचे, जयप्रकाशचे, एकूण सहा शर्ट होते आणि दर रविवारी त्यांतला एक धुवायचा, असा मालतीबाईंचा शिरस्ता होता. सहा आठवड्यांत फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घालणारा माणूस सात वर्षांत घरी आला नव्हता. मग शर्ट मळतो कसा, हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. शर्ट धुतला जायचा, त्याला खळ व्हायची, वाळल्यावर तो खालच्या बंडू इस्त्रीवाल्याकडे जायचा आणि संध्याकाळी दारासमोरच्या खुंटीवर लागायचा, तो पुढच्या रविवारपर्यंत. घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी दारावरची जे. के. कोचरेकर ही पाटी दिसायची आणि मग कोचरेकरांचा इस्त्रीचा शर्ट.

वाशीच्या या दोन खोल्या जयप्रकाशनेच नोंदवल्या होत्या. नुसते खांब उभे होते तेव्हा तो एकदा चिखल तुडवत येऊन बघून गेला होता आणि आपली गॅलरी खाडीकडे येणार म्हणून खूश झाला होता. प्रत्यक्ष ताबा मिळाला तेव्हा तो बेपत्ता होऊन आठ महिने झाले होते. म्हणजे ज्या घरात त्याचे शर्ट राहत होते ते घर त्याने पाहिलं नव्हतं, आणि ज्या शेजाऱ्यांना ते शर्ट पाठ होते त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या यशोदाबाईंनी गॅलरीच्या कठड्यावरून चौकशी केली, तेव्हा मालतीबाई म्हणाल्या होत्या, "बोटीवर असतो." सरोजिनी त्यांच्या मागेच उभी होती. त्या एका वाक्यावर हे घर सात वर्षं चाललं.

सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात त्याची बोट मुरगावहून लोहखनिज भरून निघाली आणि चौथ्या दिवशी तिचा बिनतारी संदेश येणं थांबलं. पुढे एक रिकामी लाइफबोट सापडली, बाकी काही नाही. कंपनीने पत्र पाठवलं, माणूस पाठवला, मग पत्रंही बंद झाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यांतले सगळे दिवस जोडले तर दोघं एकत्र राहिली होती अकरा महिने. सरोजिनी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. पहिलं वर्ष तिने फोनच्या आशेवर काढलं. दुसऱ्या वर्षी कधीतरी, कोणत्या दिवशी ते तिलाही सांगता आलं नसतं, तिची आशा संपली. पण ती संपली हे म्हणायची सोय नव्हती. खुंटीवर शर्ट होता, आणि तो तिथे लावणारी म्हातारी वाट पाहत होती. त्या माऊलीच्या डोळ्यांदेखत 'तो आता येत नाही' असं म्हणण्याइतकं दगडाचं काळीज सरोजिनीकडे नव्हतं.

तिने काम धरलं होतं ते जगावेगळं होतं. जयप्रकाशची बोट काळ्या समुद्रात जायची म्हणून तिने हौसेने रशियन शिकायला घेतलं होतं. ती हौसच पुढे उपयोगी पडली. फोर्टातल्या एका संस्थेत धारप सर नावाचे गृहस्थ तुर्की कुळातल्या भाषांमधल्या नात्यागोत्याच्या शब्दांचा कोश करत होते. अकरा वर्षं ताश्कंदला भाषांतरकार म्हणून काढून आलेला हा माणूस. मराठीत असा कोश कोण वाचणार, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "तुम्ही नका वाचू." अल्मा-आता आणि फ्रुंझे या सोविएत शहरांतून आलेल्या जाडजूड रशियन कोशांमधून सरोजिनीने शब्द उतरवायचे, एका कार्डावर एक शब्द, त्याखाली त्याचे भाईबंद. चीनच्या पश्चिम टोकाच्या उइगुर भाषेतला शब्द वर लिहायचा, कारण धारपांचं प्रेम उइगुरवर. आई, बाप, मावशी, जाऊ, मेहुणा, सावत्र मूल. सात वर्षांत तिने चार हजार कार्डं केली होती आणि त्या वाळवंटापलीकडच्या लोकांच्या घरात कोण कोणाचं कोण, हे तिला सोसायटीतल्या बिऱ्हाडांपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं.

त्याच संस्थेच्या वाचनालयात नंदकुमार देवस्थळी म्हणून एक जण होता. शांत होता, कोश दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवायचा. ऐंशी सालच्या मार्चमध्ये एके दिवशी त्याने तिच्यासमोर कोश ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला.

"तुमचं पुढे काय ठरलंय?" त्याने विचारलं.

त्याला काय म्हणायचं आहे ते तिला कळलं. ते ऐकून आपल्याला बरं वाटलं, हेही कळलं. ती म्हणाली, "आई वाट बघतात त्यांची."

त्याने मान हलवली. तो वाद घालणारा नव्हता. वर्षभराने त्याची बडोद्याला बदली झाली, तिथेच त्याचं लग्न झालं. सरोजिनीने त्या दिवसाबद्दल कुणाला सांगितलं नाही. गेल्या पाच वर्षांत तिने स्वतःलाही ते फारसं सांगितलं नव्हतं.

आत्ता टेबलावर होतं ते कार्ड बुधवारी धारपांनी तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला होता.

"तुल हा शब्द तुम्ही करू नका, कोचरेकरबाई. तो माझ्याकडे ठेवा."

"का सर?"

धारपांनी टेबलाचा खण उघडला, आत काही नव्हतं, तो बंद केला. "किचकट आहे जरा."

"किचकट असलं की एरवी मलाच देता."

मग ते चष्मा पुसत बसले. सरोजिनीने बसमध्ये, खाडीपुलावर, पिशवीतून पुस्तक काढून शब्द शोधला, तेव्हा म्हाताऱ्याने खण का उघडला-मिटला ते तिला कळलं.

तुल म्हणजे विधवा. विधुरालाही तोच शब्द, पण उदाहरणं सगळी बायकांची. अकराव्या शतकातल्या जुन्या कोशात तो आहे. इस्तंबूलकडे त्याचा दुल होतो, अझरबैजान आणि तुर्कमेनांकडेही दुल, तातारांकडे तोल. दूर व्होल्गाकाठी आणि त्याहून दूर बर्फात याकूतांकडे त्याच शब्दाचे दूरचे नातलग सापडतात, तिथे अनाथ पोरालाही तेच म्हणतात. एवढ्यावर भागलं असतं. पण किर्गिझ कोशात तुल या शब्दापुढे आणखी एक नोंद होती आणि सरोजिनीने ती तीनदा वाचली. नवरा मेला की लाकडाची चौकट करायची, तिच्यावर त्याचे कपडे चढवायचे, टोपी ठेवायची आणि तो पुतळा तंबूत उभा करायचा. बायकोने त्याच्याजवळ बसायचं. येणाऱ्याजाणाऱ्याने आधी त्याच्याकडे बघायचं. त्या पुतळ्याचं नाव तुल.

उइगुरांनी शब्दातली बाई ठेवली आणि पुतळा विसरून गेले. बाईचं नाव पुतळ्याला मिळालं की पुतळ्याचं बाईला, की हे मुळातच दोन वेगळे शब्द, यावर विद्वानांचं एकमत नव्हतं. एक कार्ड करायचं की दोन, एवढंच सरोजिनीला ठरवायचं होतं. बुधवारपासून ते तिच्याने ठरत नव्हतं. पेन उचललं की नजर खुंटीकडे जायची. या आठवड्यात तिथे निळा चौकडीचा होता.

अकरा वाजता बेल वाजली. सुभाष, जयप्रकाशचा मोठा भाऊ, परळहून आला होता. हातात फाइल होती. आत येताना त्याची नजर खुंटीवर गेली आणि लगेच खाली आली. त्याने चपला काढल्या, आईच्या पाया पडला, चहा घेतला, आपल्या मुलीच्या, मीनाच्या, लग्नाचा हॉल मिळाल्याचं सांगितलं. मालतीबाई जमिनीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मग त्याने फाइलमधून कागद काढून सरोजिनीच्या कार्डांशेजारी ठेवला.

"वकिलांनी तयार करून दिलंय. फक्त तुझी सही."

कागद इंग्रजीत होता. जयप्रकाश हयात असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, अशा कुणालाही सात वर्षांहून जास्त काळ ती लागलेली नाही, तेव्हा कोर्टाने त्याला मृत धरावं, असं त्यात म्हटलं होतं. सरोजिनीने वाचून कागद खाली ठेवला. गेल्या ऑगस्टात सात वर्षं भरली होती. तेव्हापासून सुभाष तिसऱ्यांदा हा कागद घेऊन आला होता.

"मीनाचं वैशाखात आहे," सुभाष म्हणाला. "मुलाकडच्या बायका विचारून गेल्या, काकू हळदीला बसणार ना म्हणून. मी काय सांगू? बसणार म्हटलं तर आपल्याच घरात कुजबुज. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागतं."

"मी येतच नाही लग्नाला, भाऊजी."

"तसं म्हणू नकोस गं." त्याने रुमालाने मान पुसली. "मला काय हौस आहे का? कायद्याने सात वर्षं झाली. हे झालं की पालाशविधी करू, असं भटजी म्हणालेत. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. बारा वर्षं थांबतात खरं, पण आईचं वय बघून आत्ता केलं तरी चालेल म्हणाले. पुतळ्यावर घालायला त्याचा एक शर्ट लागेल."

पुतळा हा शब्द ऐकून सरोजिनीने पेनचं टोपण लावलं. काहीतरी हाताने करायला हवं होतं म्हणून लावलं.

सुभाष बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"माझा भाऊ होता तो. मला त्याच्यासाठी अजून धड रडता आलेलं नाही. इथे आलो की समोर इस्त्रीचा शर्ट. माणूस मेला म्हणावा की अंघोळीला गेलाय म्हणावा?"

मालतीबाईंच्या हाताखाली तांदूळ सरकत होते. त्यांनी एक खडा काढून बाजूच्या वाटीत टाकला.

"आई, तू तरी बोल काहीतरी," सुभाष म्हणाला.

"तिचा ती ठरयतली," मालतीबाई म्हणाल्या.

सुभाष उठला. खाली जाऊन पान खाऊन येतो, अर्ध्या तासात येतो, असं म्हणाला आणि गेला. त्याच्या पायांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. गॅलरीत शर्टाच्या शिवणीतून अजून पाणी ठिबकत होतं.

सरोजिनी खुर्चीवरून उठून मालतीबाईंच्या समोर जमिनीवर बसली. गेले सहा महिने ती हा कागद टाळत होती ते स्वतःसाठी नव्हे. आपल्या एका सहीने या बाईचा मुलगा मरेल, ही तिची भीती होती. सासरची माणसं, शेजारी, कोर्ट यांचं तिला काही वाटत नव्हतं. रविवारी सकाळी बादलीत शर्ट भिजवताना या म्हातारीचं काय होईल, एवढंच तिला वाटत होतं. ती कसं बोलावं ते जुळवत राहिली आणि शेवटी जुळवलेलं सगळं सोडून दिलं.

"आई, मी सही केली तर तुम्हाला चालेल का?"

"न चालूक काय झाला?"

"तुम्ही वाट बघताय ना त्यांची."

मालतीबाईंनी सूप खाली ठेवलं. सरोजिनीकडे पाहिलं ते रागाने नव्हे. मूल काहीतरी वेडगळ बोलून गेलं की मोठं माणूस पाहतं, तसं पाहिलं.

"कंपनीचा पत्र इला तेवाच माका कळला," त्या म्हणाल्या. "पोहणारो होतो, म्हणान काय दर्यातसून चालत येतलो? पयल्याच भादव्यात मी त्याचा पान ठेवलंय."

सरोजिनीला एकदम काही कळेना. मग कळलं. दर पितृपक्षात मालतीबाई गच्चीवर दोन पानं घेऊन जायच्या. एक सासऱ्यांचं, त्यावर वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. दुसरं सासऱ्यांच्या आईवडिलांचं असेल, असं तिने धरलं होतं. त्या दुसऱ्या पानावर शिरवाळे असायचे, नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया. शिरवाळे जयप्रकाशला आवडायचे. म्हातारीच्या मनगटात जोर नाही म्हणून शिरवाळ्यांचा लाकडी साचा दरवर्षी सरोजिनीच दाबायची. आठ पितृपक्ष. आपल्या नवऱ्याचं श्राद्ध तिने आठ वेळा आपल्या हाताने रांधलं होतं आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मग हे शर्ट?" तिने विचारलं.

"ते तुझ्यासाठी."

मालतीबाईंनी उजवा हात उलटा करून पुढे धरला. मनगटाच्या आतल्या बाजूला एक पांढरा वण होता. तो सरोजिनीने हजारदा पाहिला असेल, विळीचा असेल म्हणून सोडून दिला होता.

"माझो घोव गेलो तेवा मी पण एकोणतीस वर्सांची होतंय. तू होतंस तेवढीच. दोन दिस पण थांबले नाय. जावांनी उंबऱ्यावर हात धरून काकणां फोडली, त्याची काच ही. सुभाष दहा वर्सांचो, बघत होतो. त्यानंतर कोणाच्या पोराच्या बारशाक माका बोलवल्यानी नाय." त्यांनी हात मागे घेतला. "तुझा मी सात वर्सां थांबयलंय. दोरीवर शर्ट आसा तवर तुझ्या कपाळाक कोण हात लावतलो?"

आणि खरंच कुणी लावला नव्हता. गेल्याच महिन्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यशोदाबाईंनी तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. करंगळीशेजारच्या बोटाने ठसठशीत कुंकू लावलं होतं, वाण दिलं होतं. "मिस्टरांचा निळा चौकडीचा मला फार आवडतो हो, आमच्या ह्यांना तसाच घ्यायचाय," असंही म्हणाल्या होत्या. सरोजिनी हसली होती.

तिला आता रडू यायला हवं होतं. त्याऐवजी वाचनालयातलं ते टेबल डोळ्यांसमोर आलं, आणि कोशावरून बाजूला घेतलेले दोन हात. आई वाट बघतात त्यांची. आई वाट बघत नव्हत्या. आईंची तेव्हा तीन पानं ठेवून झाली होती. तिला मालतीबाईंचा राग आला, भयंकर आला, आणि तो कुठेही ठेवायला जागा नव्हती, कारण समोर बसलेल्या या बाईइतकं तिच्यासाठी या जगात कुणी काही केलं नव्हतं. तिने सूप पुढे ओढलं आणि आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

"माका वाटला, तुका ह्या बरा पडता," मालतीबाई म्हणाल्या. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. "तू कधी काय बोललंस नाय."

"तुमच्यासाठी नाही बोलले."

खाली रस्त्यावरून बस गेली, खिडकीची काच थरथरली. मालतीबाईंनी टेबलाकडे मान केली.

"सकाळधरना एकाच कार्डाक बसलंस. काय आसा त्येच्यात?"

सरोजिनीने सांगितलं. शब्द सांगितला, विधवा सांगितली. मग नवऱ्याचे कपडे चढवलेली चौकट, ती तंबूत उभी करणं, बाईने तिच्याजवळ बसणं, सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मालतीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. परक्या मुलखातली असली तरी रीत म्हटली की त्यांना ती नीट समजून घ्यायची असे.

"बाईक आणि त्या पुतळ्याक नाव एकच?"

"काही जण म्हणतात एकच. काही म्हणतात वेगळं."

"एकच असतला," मालतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "किती दिस ठेवतत तो?"

"वर्षभर."

"मगे?"

"वर्ष भरलं की जेवण घालतात आणि चौकट मोडून टाकतात. मग ती बाई मोकळी. दुसरं लग्नही करू शकते."

मालतीबाईंचा हात सुपाच्या काठावर होता तो तिथेच राहिला.

"एकच वर्स?"

"हो."

सरोजिनीच्या केसांत कानाजवळ पांढरं दिसायला लागलं होतं, तिकडे त्या बघत होत्या. आज पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या.

"आपला मग जास्तीच झाला गो बाय," त्या म्हणाल्या.

बेल वाजली. सुभाष आत आला, तोंडात पान होतं, दोघींना जमिनीवर बसलेलं पाहून तो दारातच घुटमळला. सरोजिनी उठली, टेबलाशी गेली.

"सही कुठे करायची, भाऊजी?"

त्याने बोटाने जागा दाखवली. तिने पेनचं टोपण काढलं आणि सही केली. शाई वाळेपर्यंत तिने सकाळचाच टीपकागद त्यावर दाबून धरला. सुभाषने कागद फाइलमध्ये ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. शर्टाचं पुन्हा कसं विचारावं, हे त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात मालतीबाईच गॅलरीत गेल्या आणि दोरीवरचा पिवळा शर्ट काढून घेऊन आल्या.

"अगं, हा ओला आहे. खुंटीवर इस्त्रीचा आहे की."

"ह्यो ने. ह्यो आज धुतलंय. घरी वाळत घाल."

सुभाषने शर्ट हातात घेतला. त्याला तो कसा धरावा ते कळेना, म्हणून त्याने तो छातीशी धरला आणि त्याच्या सदऱ्यावर पाण्याचा डाग वाढत गेला. मग तो पन्नाशीला आलेला माणूस, लग्नाची मुलगी असलेला, तसाच दारात उभा राहून रडायला लागला. मालतीबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. त्या स्वतः रडल्या नाहीत. त्यांचं आधीच रडून झालं होतं, कुणाला न दिसता.

तो गेल्यावर सरोजिनीने खुंटीवरचा निळा शर्ट काढून त्याची घडी घातली. कपाटात चार होते, त्यांवर तो ठेवला. टेबलाशी येऊन तिने दोन्ही नोंदी एकाच कार्डावर लिहिल्या, विधवा आणि तिच्याखाली पुतळा, आणि शेवटी लिहिलं: 'मुदत एक वर्ष.' कोशात असा तपशील धारप ठेवणार नाहीत, हे तिला माहीत होतं. मग दोरीवरचे चिमटे काढायला ती गॅलरीत गेली.

शेजारच्या गॅलरीत यशोदाबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं, मग सरोजिनीकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, आज रविवार आणि दोरीवर शर्ट नाही? आले वाटतं मिस्टर?"

सरोजिनीने एक चिमटा काढला, दुसरा काढला. दोन्ही मुठीत धरले.

"नाही हो. ते वारले," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. आम्ही इथे राहायला येण्याच्या आधीच."

खाडीकडून वारा येत होता आणि यशोदाबाईंच्या दोरीवरचे कपडे सारखे त्यांच्या तोंडावर येत होते, तरी त्यांनी ते बाजूला केले नाहीत. मग त्यांनी उजव्या हाताचं करंगळीशेजारचं, कुंकू लावायचं बोट पदराला पुसलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुसलं.